बावन्न पाउंड

सोमवारी ती म्हणाली, बावन्न.
मशीनचा काटा बावन्नवर थांबला
तरी मी बोटानं तार एकदा छेडून बघतो.
मिरजेची सवय, आमच्या गल्लीची.
रॅकेटला सूर नसतो म्हणतात. असतो.
निर्जरा मगदूमच्या रॅकेटचा तर
मी झोपेतसुद्धा ओळखीन.

बारा वर्षांची होती तेव्हा बाप घेऊन यायचा,
कुपवाडच्या कारखान्यातली पाळी संपवून, लुनावर.
भोपळ्यांच्या ढिगाशी बसून पोर मला सांगायची,
काका, अर्धा पाउंड जास्त झालाय.
मोजलं तर अर्धाच निघायचा.
सतारीवरची मान वर करून अब्बा म्हणाले होते,
हा कान चेंडूमागं कशाला पळवताय?

या खेपेला स्पर्धा सांगलीतच.
बायकांची, बक्षिसाच्या पैशांची.
कुठकुठल्या देशांतल्या मुली
विश्रामबागेत रिक्षावाल्याशी बोटांनी घासाघीस करत होत्या.
कुंपणावर निर्जराचा फोटो,
एकहाती बॅकहँड, खांद्यापासून सुटलेला,
खाली लिहिलेलं: आपली मुलगी.

मानांकन तिसरं.
समोरची पात्रता फेरीतून आलेली,
तिचं नाव घेताना पंच दोनदा अडखळले.
सहा-तीन, सहा-एक.
हरली त्याचं काही नाही.
हरताना आवाज आला नाही, त्याचं.
चेंडू जात होता. पलीकडं, आत,
रेषेच्या चांगला हातभर आत,
जिथं कुणीही टाकला असता.
चिडली नाही. रॅकेट आपटली नाही.
आपटली असती तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

मागच्या बाकावर भडंग खात
एक जण म्हणाला, पोट भरलंय.
दुसरा म्हणाला, घरात लग्नाचं चाललं असेल.
तिसरा मोबाइलवर क्रिकेट बघत होता, काही बोलला नाही.
त्यातल्या त्यात तोच मला बरा वाटला.

बुधवारी म्हणाली, पन्नास करा.
गुरुवारी दुहेरी.
तिची जोडीदार दर गुणानंतर मागं वळून बघायची,
सम कुठं गेली ते शोधणाऱ्या तबलजीसारखी.
निर्जरा मान हलवायची, हो हो, चालू दे.
बाप गुणफलकाखाली उभा,
हक्काची रजा काढून, हात मागं बांधून.
पन्नास मिनिटांत तेही आटपलं.

शुक्रवारी तिसरी रॅकेट घेऊन आली.
पुढच्या आठवड्यात दुसरं गाव, दुसरी स्पर्धा.
तार कापून टाकली मी. विचारलं, किती?
ती भिंतीवरच्या तंबोऱ्यांकडं बघत होती.
म्हणाली, तुम्हाला वाटेल तेवढं, काका.

दहा वर्षांत पहिल्यांदा.

अब्बा सांगायचे, सतार कधीकधी अशी येते,
तारा नव्या, खुंट्या घट्ट, लाकडाला कुठं चीर नाही
आणि आवाज बसलेला.
तेव्हा घोडीकडं बघ.
वाजवून वाजवून हाडात खाचा पडतात,
तार मग त्याच खाचेत झोपते.
कानस घे, केसभर घास, ऐक.
परत केसभर.
जवारी कधी खुलेल ते घासणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

रॅकेटला घोडी नसते.
दुकान बंद केल्यावर मी बराच वेळ शोधली.

रविवारी बापाचा फोन.
झाली का हो? उद्या पहाटेची गाडी आहे.
रॅकेट समोर टांगलेली, बिनतारेची,
वहीत तिच्या नावापुढं तारीख,
आकड्याची जागा कोरी.
मी म्हणालो, मशीन बिघडलंय.
असं मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

पलीकडं शांतता.
मग मागून तिचा आवाज, लांबून,
तोंडात घास असल्यासारखा:
काय बिघडलंय म्हणे? विचारा ना,
आवाज कसा येतोय?

मी फोन मशीनजवळ नेऊन धरला.
मशीन बंद होतं.